धुकं काढल्यावर

तीनशे बारा डाव हरलो.
जिंकलो किती, ते ख्वे सांगत नाही.
काउंटरवर बसून ती नूडल्समध्ये अंडं फोडते
आणि माझ्या स्क्रीनकडे न बघताच म्हणते,
"तोआनदादा, तुमचे चार गडी रिकामे उभे आहेत."

खरंच असतात उभे.
बोरीच्या झुडपाशी, बोरं संपून गेलेली,
हातात टोपल्या,
हुकमाची वाट बघत.
गोदीत मीही असाच उभा असतो कधीकधी
क्रेनवरून पत्रा उतरेपर्यंत,
वेल्डिंगची काच कपाळावर ढकलून.
म्हणून मला त्यांचा राग येत नाही.
ख्वेला येतो.

सतरा वर्षांची पोर.
हाय फोंगच्या या गल्लीत तिच्या हाताला तोड नाही.
बाजारात कोळंबी सोलणाऱ्या बायांसारखी
तिची बोटं कीबोर्डवर चालतात,
बोलणं एकीकडे, हात भलतीकडे.
माझी बोटं जाड, ठिणग्यांनी डागलेली.
एक कळ दाबायला जावं तर दोन दबतात
आणि माझं घोडदळ तळ्याकाठी जाऊन
शांतपणे पाण्याकडे बघत राहतं.

"आधी पोट, मग पराक्रम," ती बजावते.
"पहिली आठ मिनिटं तलवारीचं नाव काढायचं नाही.
शेतं. लाकूड. पुन्हा शेतं.
आज एक गडी कमी, तर उद्या एक भाला कमी,
आणि नेमका तोच भाला लागणार असतो."
मी मान डोलावतो.
मग शत्रूचा एकच स्वार येतो,
माझा एक लाकूडतोड्या कापतो, पळतो,
आणि मी अख्खं सैन्य घेऊन त्याच्या मागे.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी,
ही म्हण माझ्यासारख्याच कुणीतरी केली असेल,
जळत्या गावाकडे मागे वळून बघताना.

शनिवारी गाठ पडली कुठल्याशा थंड देशातल्या माणसाशी.
नाव वाचता येईना,
अक्षरांच्या डोक्यावर दोन-दोन टिंबं.
छत्तीस मिनिटं.
माउस घामानं बुळबुळीत, चहातला बर्फ कधीच पाणी झालेला.
दक्षिणेची भिंत पडली.
धूर, आणि धुराच्या तोंडाशी हत्ती.
मागे धुक्यात अजून किती? साठ? शंभर?
हात आपोआप गेला.
लिहिलं, छान खेळलात.
सोडला डाव.

ख्वे वाडगा घेऊन शेजारी येऊन बसली.
"रिप्ले लावा."
नको म्हणालो. हरलेलं पुन्हा कोण बघतं?
तिनं लावला,
आणि एक कळ दाबून नकाशावरचं सगळं धुकं काढून टाकलं.

अकरा.
अकरा हत्ती होते.
त्यांच्यामागे कुत्रंसुद्धा नव्हतं.
त्याची शेतं ओस, सोन्याची खाण खरवडून संपलेली,
त्याची नजर माझ्या पडक्या भिंतीवरून
अंधारात चप्पल शोधावी तशी फिरत होती.
आणि पार कोपऱ्यात, एका वखारीपाशी
त्याचे चार गडी
टोपल्या घेऊन उभे.

मी माझे भालेकरी मोजले. पुन्हा मोजले.
बराकीत, रांगेत, एकाही अंगावर ओरखडा नाही.
विचारलं, "हा डाव हरल्यात धरायचा का?"
ख्वेनं आधी रस्सा संपवला.
"धरायचा."

सोमवारी सकाळी गोदीत काच खाली ओढली.
तिच्यातून जग दिसत नाही,
दिसतो फक्त एक हिरवट ठिपका, वितळता,
आणि पुढचा अर्धा इंच.
जहाज केवढं, कुणाचं, कुठवर आलं, काही कळत नाही.
वीस वर्षं असाच सांधत आलोय.
इथे कधी हात काढून घेतला नाही.

संध्याकाळी सात नंबरचं मशीन ठेव म्हणून
जेवणाच्या सुट्टीत ख्वेला फोन केला.
ती म्हणाली, "सातचा माउस बिघडलाय. नऊवर बसा.
आणि नखं कापून या."